किती गेलं म्हणजे जास्त?

प्रश्न : माझं वय ३४. पाळी आठ-नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस दर दीड तासाने पॅड बदलावं लागतं, रात्री गजर लावून उठते. दुखत फारसं नाही. आई म्हणते, आपल्या घरात सगळ्यांचंच असं, आजीचं तर याहून जास्त होतं, त्यात काय! मग याला जास्त म्हणायचं की नाही? आणि अंगावरून किती गेलं हे मोजायचं तरी कसं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘गजर लावून उठते’ या तीन शब्दांतच अर्धं उत्तर आलंय. तरीही मोजण्यापासून सुरुवात करू, कारण तुम्ही विचारलंय ते कधीकाळी शास्त्रज्ञांनाही पडलं होतं.

१९६० च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात काही संशोधकांनी बायकांना विनंती केली, की पाळीतले वापरलेले सगळे पॅड आम्हाला आणून द्या. ते पॅड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून त्यातलं रक्त रासायनिक पद्धतीने मोजलं गेलं. काम किळसवाणं, पण आकडे मोलाचे निघाले. एका पाळीत सरासरी ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सात-आठ छोटे चमचे. आणि साधारण ८० मिलिलिटरच्या पुढे गेलेल्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलं. टपरीवरच्या कटिंग चहाएवढं म्हणा. ‘जास्त पाळी म्हणजे ८०च्या वर’ ही व्याख्या तिथून आली आणि पुढे कित्येक वर्षं टिकली.

याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. ज्यांचं रक्त खरोखरच ८०च्या वर जात होतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींनी ‘माझी पाळी मध्यम आहे’ असं सांगितलं होतं. त्यांची चूक नव्हती. तुलना करणार कोणाशी? ताप आला तर कपाळाला हात लावून घरात कोणीही सांगतं. पाळी मात्र जिची तिनेच पाहिलेली असते. फार तर आईशी बोलणं होतं, आणि आईची तशीच असेल तर विषय तिथेच मिटतो.

शिवाय पाळीत जे जातं ते निव्वळ रक्त नसतं. गर्भाशयाचं अस्तर, स्राव, पाणी हे सगळं त्यात मिसळलेलं असतं आणि रक्ताचा वाटा प्रत्येकीत वेगळा. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज बांधणं कठीणच. दवाखान्यात कोणी कॉस्टिक सोड्याची बादली घेऊन बसलेलंही नसतं. म्हणून २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने आकडा बाजूला ठेवून वेगळी व्याख्या स्वीकारली : ज्या रक्तस्रावामुळे बाईच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक किंवा व्यावहारिक आयुष्यात अडथळा येतो, तो जास्त. आज जगभरचे डॉक्टर बहुतांशी हीच कसोटी वापरतात.

ही कसोटी ऐकायला ढिली वाटते, पण स्वतःला नेमके प्रश्न विचारले की ती चांगली काम करते. अडचण एवढीच, की अडथळ्याची आपल्याला सवय झालेली असते. पहिल्या दोन दिवसांत एसटीचा लांबचा प्रवास टाळणं, लग्नाच्या तारखा कॅलेंडरवर पाळीशी ताडून बघणं, त्या दिवसांसाठी काळी सलवार राखून ठेवणं, गादीवर जाड चादर किंवा प्लास्टिक अंथरणं, एकावर एक दोन पॅड लावणं, खुर्चीवरून उठताना मैत्रिणीला ‘मागे बघ गं जरा’ म्हणणं. यातली प्रत्येक गोष्ट इतकी अंगवळणी पडते की डॉक्टरांनी ‘काही त्रास?’ विचारल्यावर उत्तर येतं, ‘नाही, तसा काही नाही.’ आपल्याकडे अंगावर काढणं हा दुखण्यावरचा पहिला उपचार असतो, आणि या दुखण्यावर तर बहुतेकींचा तो एकमेव उपचार.

डॉक्टर आणखी काही खुणा विचारतील. पॅड किंवा कपडा तासा-दोन तासांत पूर्ण भिजतो का, आणि असं सलग काही तास होतं का? रात्री बदलायला उठावं लागतं का? एकदम धार लागल्यासारखं होऊन कपडे खराब होतात का? रक्ताच्या गुठळ्या पडतात का, आणि त्या साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या असतात का? बारीकसारीक गुठळ्या पुष्कळ जणींना पडतात, त्यांचं विशेष नाही. दिवस किती? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेच्या निकषांनुसार दोन पाळ्यांमधलं अंतर २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत असेल तर ते नेहमीचं. तुमची पाळी त्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे आहे.

‘दिवसाला पॅड किती?’ हा प्रश्न मात्र दिसतो तेवढा उपयोगाचा नाही. एखादीला थोडा डाग पडला तरी पॅड बदलायचं असतं. दुसरी सकाळी आठला घर सोडते आणि कामाच्या जागी धड संडास नाही म्हणून संध्याकाळपर्यंत तोच कपडा ठेवते. पहिलीची सहा आणि दुसरीची दोन. रक्त दुसरीचं जास्त असू शकतं. म्हणून १९९० मध्ये ब्रिटनमध्ये चित्रांचा एक तक्ता तयार झाला. पॅडवर थोडासा डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजला असेल तर ५, पूर्ण भिजला असेल तर २०. लहान गुठळीला १, मोठीला ५. पूर्ण पाळीची बेरीज १००च्या पुढे गेली तर रक्त बहुधा ८० मिलिलिटरच्या वर जातंय असं समजायचं. तुमचाच हिशेब करू. दर दीड तासाला एक म्हणजे जागेपणी दहाएक पॅड. त्यातले निम्मेच पूर्ण भिजले असं धरलं तरी पाच विसे शंभर, म्हणजे पूर्ण पाळीची मर्यादा तुम्ही पहिल्याच दिवशी गाठता.

या तक्त्याला फार काटेकोर मानू नका. तो त्या काळच्या पॅडवर बेतलेला आहे आणि आजचे जेल असलेले पॅड वेगळ्या रीतीने भिजतात. पॅड किती शोषतं हे तपासण्यासाठी वर्षानुवर्षं पाणी किंवा खारं पाणी वापरलं जाई. खरं रक्त वापरून अनेक प्रकारची साधनं शेजारी शेजारी तपासल्याचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला तो थेट २०२३ मध्ये. जाहिरातीतलं निळं पाणी प्रयोगशाळेपर्यंत पोचलं होतं म्हणायचं! तुम्ही कप वापरत असाल तर मात्र सोपं आहे. बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या रेघा असतात, रिकामा करताना आकडा लिहून ठेवायचा.

आता ८० मिलिलिटरच्या आसपासच गाडी का अडते? त्यामागे लोहाचा हिशेब आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. नेहमीच्या जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं, आणि त्यातलं सुमारे १ मिलिग्रॅम पाळी नसतानाही त्वचा, आतडी यांच्यावाटे जात असतं. महिन्याची शिल्लक चांगल्या आहारातही तिसाच्या आत. ३५ मिलिलिटर रक्तातलं सतरा-अठरा मिलिग्रॅम लोह त्यातून भागतं. ८० मिलिलिटर म्हणजे ४० मिलिग्रॅम. ते भागत नाही आणि शरीर साठ्याला हात घालतं. बीट, खजूर, गूळ खाऊन ही तूट भरत नाही, कारण दर महिन्याला ती नव्याने पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण आपण चर्चा करतो ती ताटात काय कमी आहे याची. बाहेर किती जातंय हे विचारणारे कमी.

तपासणीतही एक मेख आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आलं तर रक्तक्षय. पण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून ‘फेरिटिन’ ही तपासणी मागून घ्या. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि ३० च्या खाली आलं तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हा आकडा उगाच फुगतो, तेव्हा बरं वाटत असताना रक्त द्या. जिना चढताना दम लागणं, केस गळणं, रात्री पायांत चुळबुळ होणं या लोह कमी झाल्याच्या खुणा. बर्फ, कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती खावीशी वाटणं हीसुद्धा. घरात कोणाला असे डोहाळे गरोदर नसताना लागले असतील तर हसण्यावारी नेऊ नका.

उरलं आईचं वाक्य. ‘आपल्या घरात सगळ्यांचंच असं’ हे ऐकून घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टर मात्र कान टवकारतात. गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, काही घराण्यांत जास्त आढळतात हे एक. दुसरं कारण रक्तातच असू शकतं. १९२४ मध्ये फिनलंडमध्ये एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे ऑलंड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी आली. तिच्या घरात अनेकांना रक्त न थांबण्याचा त्रास होता. हिमोफिलियाचा त्रास मुख्यतः पुरुषांना होतो हे तेव्हा ठाऊक होतं. इथे मात्र बायकांनाही तो होता, किंबहुना जास्तच. १९२६ मध्ये त्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ती मुलगी तेरा वर्षांची असताना तिच्या चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. या आजाराचा बहुतेकांमध्ये आढळणारा प्रकार सौम्य असतो, बाई आयुष्यभर कामंधामं करते, फक्त पाळी जास्त जाते. आई-वडील कोणाकडूनही तो येऊ शकतो. म्हणून स्वतःला, आईला आणि मामालाही विचारा : नाकातून रक्त आलं की दहा मिनिटांहून जास्त वेळ चालतं का? दाढ काढल्यावर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर रक्त थांबायला त्रास झाला होता का? मार न लागता अंगावर काळे-निळे डाग उमटतात का? दोन-तीन उत्तरं ‘हो’ आली तर तसं डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन तपासण्या या आजारात पुष्कळदा व्यवस्थित येतात, खास तपासण्या कराव्या लागतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे रक्तस्रावाच्या अशा आजारांवर काम चालतं. तुमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय. हे सोडू नका.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद न्या, पण त्रास जास्त असेल तर नोंदीसाठी थांबू नका. बहुधा गरोदरपणाची चाचणी (ती आधी का, असं मनात आणू नका, गर्भपात किंवा नळीतला गर्भ हेही रक्तस्रावाचं कारण असतं), रक्ताची तपासणी, गरज वाटल्यास थायरॉइड आणि सोनोग्राफी होईल. तांबी बसवली असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. उपचार कारणावर ठरतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायच्या असतात आणि त्यांनी रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतींनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात म्हणून उताकोबाई त्याच्या मागे लागल्या होत्या. दुकानातून परस्पर मात्र आणू नका. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने चालू ठेवा.

तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास झालं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडायला लागली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. पाळी येऊन सहा महिने झाले. कधी दोन महिने येत नाही, आली की बारा दिवस जाते. शाळा बुडते. सगळे म्हणतात, हळूहळू बसेल. थांबावं का? – एक आई, कराड

उत्तर : ‘हळूहळू बसेल’ हे अनियमितपणाबद्दल बरंचसं खरं आहे. पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज सुटतच असं नाही, त्यामुळे तारखा मागेपुढे होतात. पंचेचाळीस दिवसांचं अंतरही या वयात चालतं. बारा दिवस रक्त जाणं आणि शाळा बुडणं मात्र त्यात बसत नाही. रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असेल तर तो ओळखण्याची पहिली संधी बऱ्याचदा हीच असते, कारण तोवर मुलीची ना शस्त्रक्रिया झालेली असते ना दाढ काढलेली. पाळी थांबवायला हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासायला घेता आलं तर बरं; त्या गोळ्यांमुळे आकडे बदलू शकतात. तोपर्यंत पोटदुखीला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. अनेक आया ‘आतून तपासतील’ या धास्तीने मुलीला नेतच नाहीत. या वयात सोनोग्राफी पोटावरूनच होते, आतून तपासण्याची गरज सहसा पडत नाही. तुम्ही तिच्याबरोबर आत बसा, पण डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं तिला स्वतःला देऊ द्या. पॅड शाळेत किती वेळा बदलावं लागतं हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार?

प्रश्न : वय ४१. दोन वर्षं पाळी खूप जाते. डॉक्टर म्हणतात, मुलं झालीत, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. काढावी का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तुम्ही बीड जिल्ह्यातून लिहिताय, तेव्हा या प्रश्नाला तिथला इतिहास आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. फडावर पाळी सांभाळायला ना पाणी ना आडोसा, खाडा झाला की दंड, आणि दवाखान्यात गेल्यावर कॅन्सरची भीती. त्या बायकांनी घेतलेला निर्णय त्यांच्या परिस्थितीत समजण्यासारखा होता. ज्यांनी ती भीती घातली त्यांच्याबद्दल असं म्हणवत नाही.

पाळी जास्त जाते एवढ्यावरून ‘पुढे कॅन्सर होईल’ असं म्हणता येत नाही. मात्र गर्भाशयाच्या अस्तरात काही बिघाड आहे का, हे तपासावं लागतं. पंचेचाळिशीनंतर, किंवा त्याआधीही वजन बरंच जास्त असेल, पाळी दीर्घकाळ अनियमित असेल, औषधांनी फरक पडत नसेल तर अस्तराचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. ही तपासणी छोटी असते, पोट फाडावं लागत नाही. म्हणजे कॅन्सरची शंका असेल तर आधी बायोप्सी, शस्त्रक्रियेचा विषय नंतर. बायोप्सीचं नावही न काढता कोणी कॅन्सरचं नाव घेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मधले उपाय बरेच आहेत. गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं टी आकाराचं साधन बहुतेकींचा रक्तस्राव खूप कमी करतं आणि काही वर्षं चालतं. त्याबद्दल एक गोष्ट आधी सांगितली जात नाही, म्हणून बायका ते घाईने काढायला लावतात : पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडत राहतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑर्मेलॉक्सिफीन म्हणजे आपल्या ओळखीची ‘सहेली’ गोळी. सरकारी दवाखान्यात ती ‘छाया’ नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते, आणि आपल्याकडचे डॉक्टर जास्त पाळीसाठीही ती वापरतात. मस्सा असेल तर दुर्बिणीने काढता येतो. काही फायब्रॉइड पिशवी ठेवून काढता येतात, आणि लहानशा, त्रास न देणाऱ्या फायब्रॉइडना हातही लावावा लागत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘गाठ’ हा शब्द दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

पिशवी काढणं हा वाईट उपाय नाही. औषधं करून झाली, फायब्रॉइड मोठे आहेत, अस्तरात खरोखर बिघाड सापडला तर तो योग्यच असतो, आणि त्यानंतर कित्येक जणी सुटल्यासारखं वाटलं असं सांगतात. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. रक्तस्रावाचं कारण काय सापडलं? त्यावर आजवर काय करून पाहिलं? आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढणार आहात का? एकेचाळिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशय गेले तर पाळी जाण्याच्या वयातले सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशयात दोष नसेल तर या वयात ते सहसा ठेवतात. संमतीपत्रावर या ओळीपुढे काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवायला सांगा.